चेरीची आढी

मी आंबट चेरी कच्ची तोडली आणि आढीत घातली. आठ क्रेट.

तानाजी, हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहून काढतोय. आजवर ही गोष्ट तूच सांगायचास. शुक्रवारच्या सुट्टीला कॅम्पात चार माणसं जमली की तू मांडी ठोकून बसायचास आणि "आमच्या हापूसनं काय केलं ठावं हाय का?" अशी सुरुवात करायचास. तुझ्या तोंडी आठाचे बारा झाले, बाराचे वीस झाले आणि शेवटी शेवटी तर तू एक पिकअप म्हणायला लागलास. तुला जाऊन पाच आठवडे झाले. आता गोष्ट माझ्या एकट्याच्या ताब्यात आहे, म्हणून पहिली दुरुस्ती करून घेतो. क्रेट आठच होते. बाकी सगळं खरं आहे.

तुझ्या अश्विनीचा परवा फोन आला. म्हणाली, "काका, बाबा तिकडं नेमकं काय करायचे, ते आम्हाला कुणालाच धड माहीत नाही. विचारलं की म्हणायचे, झाडं बघतो. तुम्ही लिहाल का?" मी हो म्हणालो. आता तुलाच तुझी गोष्ट सांगायची म्हणजे पंचाईत आहे, पण तासगावात पाच माणसं वाचतील, त्यांना कळलं पाहिजे. तेव्हा मधून मधून तुला ठाऊक असलेलंही सांगेन. कंटाळू नकोस. तसा तू माझं बोलणं पुरतं कधी ऐकलंच नाहीस.

तर, सौदीतल्या तबूकच्या पश्चिमेला डोंगराच्या चढावर एक फार्म. द्राक्षं, पीच, जर्दाळू. तू बागेचा फोरमन आणि मी तिथल्या कोल्ड स्टोअरचा मेकॅनिक. तू तासगावचा, जन्म द्राक्षाच्या मांडवाखाली गेलेला. मी देवगडचा, घराच्या पायरीला हापूसची मुळं लागलेला. पहिल्याच दिवशी तू मला "हापूस" म्हणालास, मी तुला "बेदाणा" म्हणालो आणि पुढची नऊ वर्षं इकाम्यावरची, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावरची, आपली नावं फक्त ऑफिसातल्या बाईनं वाचली.

आपला मालक अबू नासिर. त्याची आई, जिला आपण सगळे हज्जा म्हणतो, ती मूळची हलबची, सीरियातली. लग्न होऊन या वाळूत आली त्याला साठ वर्षं झाली, पण जिभेवरून एक फळ काही जाईना. आंबट चेरी. तिच्या माहेरी तिला वश्ना म्हणतात आणि मटणाच्या कबाबावर तिचा लालभडक रस्सा ओततात. बाजारात बाटलीतली मिळते, पण ती तोंडात घातली की हज्जा म्हणायची, "हे औषध आहे." मग लेकानं आईसाठी तीन-चार वर्षांची वाढलेली रोपं आणली. दोन ओळी एका जातीच्या, गडद, रसाने बोटं काळीनिळी करणाऱ्या. दोन ओळी दुसऱ्या जातीच्या, वरून लाल आणि आत पिवळसर, पाण्यासारखा रस असलेल्या. एकीला आपण काळी म्हणायचो, दुसरीला लाली. आणि चारही ओळी तुझ्या गळ्यात.

तू द्राक्षवाला. चेरी तू तोवर केकवरच बघितली होतीस. पण पहिल्या हिवाळ्यात तू झाडाला थर्मामीटर बांधलास आणि सकाळी माकडटोपी घालून त्याच्यापुढे उभा राहायला लागलास. मी विचारलं, "झाडाला ताप आलाय का?"

"आरं हापूस, झाडाला थंडी पुरी नाही मिळाली तर ते झोपत न्हाई. आन् झोप पुरी झाली न्हाई तर उठतं कसं? आपण उठतो शुक्रवारचं, तसं."

खरंच तसं झालं. तो हिवाळा ऊबदार गेला आणि वसंतात झाडं शुक्रवारी सकाळी आपला कॅम्प उठतो तशी उठली. एक फांदी पहाटेच्या नमाजाला, दुसरी न्याहारीला, तिसरी थेट दुपारी. एकाच झाडावर फूल, हिरवी गोळी आणि पिकलेलं फळ, तिन्ही एकदम. तोडायचं कधी? ज्या दिवशी एक तयार, त्या दिवशी दुसरं कच्चं आणि तिसरं सुरकुतलेलं. मूठभर चेऱ्या निघाल्या. त्या मी कोल्ड स्टोअरच्या गच्चीवर वाळवल्या आणि आमसुलाऐवजी माशाच्या कढीत घातल्या. तू ताट चाटूनपुसून खाल्लंस. मी वाट बघत होतो, तू काय म्हणतोस. तू हात धुतलास आणि म्हणालास, "कढी चांगली झाली. चेरी वाईट झाली म्हणून कढी चांगली झाली."

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. फळ चांगलं होतं ते जातीमुळे की हवेमुळे?

मी जातीच्या बाजूने. माझं म्हणणं सोपं होतं. काळी आणि लाली शेजारी शेजारी उभ्या. तीच माती, तेच पाणी, तोच वारा. तरी एकीचा रस शर्ट खराब करतो आणि दुसरीचा रस हातरुमालाला कळतही नाही. मग फरक कशाचा? तू डोकं खाजवायचास आणि म्हणायचास, "बरं. मग गेल्या सालची काळी आन् औंदाची काळी, ही एकच झाडं न्हवं का? जात बदलली का हिवाळ्यात? गेल्या साली मेच्या तोंडाला गरम वारं सुटलं आन् आठ दिवसात सगळी पिकून मोकळी झाली. बारकी, मऊ, गोडसर. आंबटपणा कुठं गेला? औंदा रात्री गार होत्या तर तीच काळी कशी दाटून आली! आता बोल."

मी बोललो. बोलण्यात मी कमी पडत नाही. म्हटलं, हापूस हापूस असतो, पायरी पायरी असते. तेव्हा तू शांतपणे विचारलंस, "तुझ्या देवगडचं कलम घाटावर लावलं तर तीच चव येती का?"

यावर मला खोकला आला. अस्सल देवगडकर यावर एकच उत्तर देऊ शकतो आणि ते उत्तर तुझ्या बाजूचं होतं. देवगडच्या समुद्रावरची खारी हवा, कातळ, ऊन, हे आम्ही जगाला छाती काढून सांगतो. आणि तू, जो बेदाण्याच्या गावचा, जिथे अवकाळी ढग दिसला की अख्ख्या तालुक्याच्या पोटात गोळा येतो, तू हवेच्या बाजूने. दोघांनीही आपापल्या घरची साक्ष काढली असती तर भांडण दोन मिनिटांत मिटलं असतं. म्हणून आपण दोघांनीही ती काढायची टाळली आणि सहा वर्षं मजेत भांडलो.

आता आढी.

गेल्या वर्षी मेमध्ये अश्विनीचं लग्न. तू वीस दिवसांच्या रजेवर निघालास. विमानतळावर मला बाजूला घेऊन म्हणालास, "हे बघ, चेरीला काही करू नको. नुसतं बघ. मी येईस्तवर ती तयार होतीच." नुसतं बघायला सांगितलेला माणूस काय करतो, हे तुला माहीत असायला हवं होतं. तू गेल्यावर सहाव्या दिवशी फोनवर हवामान बघितलं, तर गरम वारा येतोय. मला तुझंच आठवलं, आठ दिवसात सगळी पिकून मोकळी झाली होती ते. म्हटलं, तानाजीचं फळ वाऱ्याने नासू द्यायचं नाही. अर्धवट लाल झालेली काळी मी तोडायला लावली. रफीक, आपला ढाक्याकडचा, फांदी धरून उभा होता. म्हणाला, "भाई, यह तो कच्चा है।" मी त्याला हापूसवर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. झाडावर पिकवतो तो बागवान नव्हे. तयार फळ काढायचं, पेंढ्यात निजवायचं, वरून पोतं घालायचं आणि चार दिवस तिकडे फिरकायचं नाही. आमच्या आजोबांनी असेच पिकवले, वडिलांनी असेच पिकवले.

तबूकला भाताचा पेंढा कुठून मिळणार? मेंढ्यांसाठी आणलेला वाळका लसूणघास होता. तो अंथरला. चेरी ओळीने निजवल्या, देठ वर. खरं सांगतो, फार सुंदर दिसत होत्या. वरून पोतं.

चौथ्या दिवशी पोतं उचललं. रंग होता तोच. आकार मात्र वाटाण्याचा झाला होता आणि खालच्या थराला पांढरी दाढी आली होती. वास येत होता तो मेंढ्यांचा. मग मी फोनवर शोधलं. जे रफीकने फांदीशी उभं राहून फुकट सांगितलं होतं, तेच तिथे लिहिलं होतं. आंबा तोडल्यावर पिकतो. चेरी तोडली की जिथे आहे तिथेच थांबते. जेवढा रंग, जेवढी गोडी, जेवढा आंबटपणा झाडावर आला तेवढाच. पुढे ती फक्त म्हातारी होते.

तरी मी धुऊन पुसून बरी बरी फळं एका ताटलीत घातली, कारण अबू नासिरने आईला सांगून ठेवलं होतं. हज्जाने एक तोंडात घातली. पर्समधून टिश्यू काढला, चेरी त्यात घेतली, घडी घातली, परत घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मला शिवी दिली असती तर मी बरा झोपलो असतो.

 अबू नासिर तुझी वाट बघत होता. तू लग्नाच्या हळदीचे हात घेऊन परतलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्ड स्टोअरच्या दारात त्याने तुला विचारलं, कच्ची कोणी तोडायला लावली? मी दोन हातांवर कॉम्प्रेसरचं मीटर वाचत होतो. मीटरमध्ये वाचण्यासारखं काही नव्हतं, तरी वाचत होतो. तू एक क्षण माझ्या पाठीकडे बघितलं असशील, आणि म्हणालास, "मैं बोल के गया था। मेरी गलती।"

 अबू नासिर म्हणाला, अजून एक वर्ष. पुढच्या वर्षी माझ्या आईने खाल्ली नाही तर झाडं उपटून ऑलिव्ह लावायचे. खलास.

तानाजी, त्या दिवसावर आपण कधी बोललो नाही. आढीवर तू गावभर बोललास, वीस क्रेट केलेस, पिकअप केलीस. पण दारातल्या त्या वाक्यावर एक शब्द नाही. मीही काढला नाही. मी त्या संध्याकाळी तुला पिठलं करून घातलं. तू म्हणालास, मीठ कमी आहे. मला वाटतं मी तेव्हा म्हणायला हवं होतं. पिठल्यात सगळं येत नाही.

गेला हिवाळा मात्र तुझ्यासाठीच पडला. इतकी थंडी की सकाळी नळाला बर्फ आणि तू नळाशी हसत उभा. "झोपलीत गड्या, गाढ झोपलीत," असं झाडांकडे बघून म्हणायचास. मी दोन रजया घेऊन कुडकुडत होतो आणि तुला शिव्या घालत होतो, जणू थंडी तूच मागवलीस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चारही ओळी एकाच वेळी फुलल्या. एकही फांदी मागे नाही. तू मला कोल्ड स्टोअरमधून हाताला धरून ओढत नेलंस आणि चार ओळींच्या मध्ये उभं केलंस. पांढरं पांढरं, आणि वर मधमाश्यांचा आवाज. मी विचारलं, "मग? ही जात का हवा?"

"आज न्हाई," तू म्हणालास. "आज भांडण न्हाई."

त्या दुपारी तू कुंपणाच्या पश्चिमेला जाळी बांधून घेतलीस, मोहोरावरून गरम वारा गेला तर फुलं सुकतात म्हणून. वारा आलाच दोन दिवसांनी, धूळ घेऊन. जाळीच्या आत तुझी फुलं जागची हलली नाहीत. बाहेरच्या पीचचं काय झालं ते बघून अबू नासिरनेही तुझ्या पाठीवर हात ठेवला. तेवढं एक बघून घेतलंस, बरं झालं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुझ्या छातीत दुखलं. तीन दिवस हॉस्पिटल. बाकीचं अश्विनीला माहीत आहे, परत लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत मी आलो, तर तुझ्या नाकात नळी आणि तुझा पहिला प्रश्न, "रंग आला का?"

"लाली लाल झाली. काळी अजून विटकरी आहे."

"काळीला हात लावू नको. ती देठ आपण होऊन सोडती. हलकं धरायचं, सोडलं तर सोडलं. ओढायला लागलं की समजायचं, अजून न्हाई." मग थोडं थांबून, हसून म्हणालास, "आन् ते जातीचं तू म्हणतोस ना, त्यात—"

नर्स आली. केरळची होती, कडक. मला म्हणाली, बस्स, अब जाओ। मी गेलो. त्या रात्री तूही गेलास.

तुझं ते वाक्य पाच आठवडे माझ्याकडे पडून आहे. मी रोज त्याला वेगवेगळी शेपटी लावून बघतो. "त्यात तथ्य आहे," अशी लावली की मला फार बरं वाटतं. "त्यात तुला काही कळत नाही," हे जास्त तुझ्यासारखं आहे. मी पहिली शेपटी ठेवायची ठरवलीय. तू अडवायला नाहीस, त्याचा एवढा तरी फायदा मी घेणार.

कागदपत्रं झाली, अबू नासिर स्वतः प्रत्येक सहीला उभा राहिला. तुझ्याबरोबर कोण जाणार, म्हणून मी बॅग भरली. निघण्याआधी सुमनवहिनींना फोन लावला. मला वाटलं, त्यांना धीर द्यावा. त्या म्हणाल्या, "भावजी, चेरी निघाली का?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. अजून दहाबारा दिवस आहेत. पण ते जाऊ दे आता."

"जाऊ दे कसं? गेल्या फोनला तासभर त्या झाडांचंच बोलत हुते. इथं त्यांना न्यायला अख्खं गाव हाय. तिथं झाडाशी कोण हाय?" मग त्यांचा आवाज फुटला आणि लगेच सावरला. "तुम्ही थांबा तिथंच. आन् काही करू नका. नुसतं बघा."

तुमच्या घरात मला ओळखण्यात कुणाचीच चूक झालेली नाही.

तुझ्याबरोबर मिरजेचा एक वेल्डर गेला. मी थांबलो. तुला खांदा दिला नाही, याचं वाईट वाटतं. पण मी खोटं नाही बोलणार. ते बारा दिवस मी तुझ्या झाडांत फिरत होतो आणि मला तू गेल्यासारखं एकदाही वाटलं नाही. सकाळी एक चक्कर, दुपारी एक, उन्हं कलल्यावर एक. प्रत्येक फेरीला काळीची एकेक चेरी दोन बोटांत हलकी धरायची. सोडते? नाही. बरं. परत उद्या. रफीक माझ्या मागे यायचा. आधी हसायचा, मग तोही धरून बघायला लागला. विटकरी रंग गेला, लाल आला, लाल जाऊन जांभळट आला. हवा थंड नव्हती, पण गेल्या साली आला तसा भाजणारा वाराही नव्हता. ऊन दिवसा, आणि सूर्य गेला की डोंगरावरून गारवा. अबू नासिरचे दोन फोन आले, तोडू या का म्हणून. मी म्हटलं, देठाने अजून हो म्हटलेलं नाही. तो म्हणाला, कोणी? मी म्हटलं, देठाने. त्याने फोन ठेवला.

आणि मग पाऊस आला.

मेच्या शेवटाला या डोंगरात पाऊस म्हणजे वाळवंटात पाहुणा भेटावा तसा दुर्मीळ. पण आला. आदल्याच दिवशी काळीने देठ सोडायला सुरुवात केली होती, लाली तर केव्हाच तयार होती, पण दोन्ही एकदमच तोडायच्या म्हणून ठेवली होती. दुपारी दोनला डोंगरामागून ढग आला आणि दहा मिनिटं टपोरे थेंब. पिकलेल्या चेरीवर पाणी राहिलं की ती देठाच्या खळग्यात तडकते, हे तूच मला शिकवलं होतंस. पाणी राहू द्यायचं नाही. आणि पाणी उडवायला वारा कोणाकडे आहे? माझ्याकडे. कोल्ड स्टोअरचा तो छातीएवढा पंखा, जो जर्दाळूंचे क्रेट गार करायला लावतो. मी तो ट्रॉलीवर चढवला, जनरेटर जोडला आणि लालीच्या ओळीपुढे आणून उभा केला.

रफीक ओरडत होता, "भाई, दो मिनट! धूप आ रहा है!"

मी म्हटलं, दो मिनट में फट जाएगा, आणि बटण दाबलं.

तानाजी, पिकलेली चेरी देठ आपण होऊन सोडते. हे मला ठाऊक होतं. बारा दिवस मी दुसरं काही केलं नव्हतं. पण पंख्याचं बटण दाबताना मी मेकॅनिक होतो. पहिल्या झाडाची निम्मी लाली एका दमात जमिनीवर. दुसऱ्याची त्याहून जास्त. मी बटण शोधेपर्यंत तिसरं झाडही हलकं झालं. आवाज ऐकण्यासारखा होता, पत्र्यावर चुरमुरे ओतल्यासारखा. पंखा थांबला, आणि त्याच क्षणी ऊन पडलं. पाच मिनिटांत उरलेली झाडं खडखडीत कोरडी. एकही चेरी तडकली नव्हती.

रफीक जमिनीकडे बघत म्हणाला, "तानाजी भाई देखता तो..." आणि पुढे त्याला बोलवेना. मला आधी वाटलं, रडतोय. तो हसत होता. मग मीही हसायला लागलो. दोघं चिखलात बसून हसत होतो, आणि मग रडलोही थोडंसं. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच.

काळीपर्यंत पंखा पोचला नव्हता. ती आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तोडली. तोडली कसली, हात खाली धरला आणि ती आली. बोटं मनगटापर्यंत काळीनिळी. मी एक खाल्ली. आधी आंबट, इतकी की कानामागे कळ जाते, आणि तिच्यामागून सावकाश गोडी, आणि शेवटी बदामासारखं काहीतरी कडवट. सहा वर्षांत असलं फळ त्या झाडाने दिलं नव्हतं. त्या जातीतच ते होतं, म्हणून तर आलं. आणि त्या थंडीने ते बाहेर काढलं, म्हणून आलं. हे मी फक्त तुला सांगतोय. चारचौघांत मी अजून जातीच्याच बाजूने आहे.

दहा वाजता अबू नासिरची गाडी आली. हज्जा स्वतः आली होती. तिला खुर्चीत बसवलं, काळीच्या ओळीशी, सावलीत. मी ताटली पुढे केली. तिने एक उचलली, उजेडात धरली, तोंडात घातली. मी तिच्या पर्सकडे बघत होतो. पर्स बंदच राहिली. तिने बी तळहातावर काढली. दुसरी घेतली. तिसरी. पाच बिया झाल्या तेव्हा ती लेकाकडे वळून खूप वेळ काहीतरी बोलली. अबू नासिर मला म्हणाला, "म्हणतेय, हिच्या वडिलांच्या अंगणात भिंतीला लागून एक झाड होतं. म्हणतेय, आज संध्याकाळी कबाब."

मग तिने विचारलं, ज्याने झाडं वाढवली तो कुठे आहे? अबू नासिरने सांगितलं. तिने दोन्ही हात उघडले आणि तुझ्यासाठी दुवा मागितली, तुझं नाव चुकवत, तानजी तानजी म्हणत. आम्ही तिघेही माना खाली घालून उभे राहिलो.

तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी अबू नासिरला म्हटलं, आईला सांग. गेल्या वर्षी कच्ची तोडली ती तानाजीने नाही. तो इथे नव्हताच. मी तोडली. त्याने माझं नाव घेतलं नाही आणि मी त्याला थांबवलं नाही. माझी अरबी आणि त्याची हिंदी मिळून हे सांगायला बराच वेळ लागला. अबू नासिरने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. तू मीटर उलटीकडून वाचत होतास." आणि मग त्याने आईला सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मला वाटलं, प्रामाणिकपणाचं काहीतरी चांगलं बोलेल. ती खुर्चीतल्या खुर्चीत वळली आणि लालीच्या ओळीकडे बघितलं, जिथे तीन झाडांखाली लाल सडा पडला होता आणि त्यावर पाखरं जेवत होती. हेही कोणी केलं, असं तिने बोटानेच विचारलं. रफीकने, कोणी न विचारता, माझ्याकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, आईला विचार, झाडं राहणार ना?

ती दोनच वाक्यं बोलली. अबू नासिर सांगायला तयार होईना. मी म्हटलं, सांग, काय म्हणाली?

"म्हणाली, झाडं ठेव," तो म्हणाला. "याला दुसरं काम दे."